हलकासा धक्का

गुडघा दुखतोय हे बायकोला सांगायचं हेडक्लार्कांनी ठरवलं आणि तिथूनच पुढचं सगळं सुरू झालं. नसतं सांगितलं तर फार तर गुडघा गेला असता. सांगितल्यामुळे चपलांचं स्टँड गेलं, साहेबांचा घोटा गेला आणि विमा कंपनीच्या त्या ऑफिसात त्यांची जी काही अब्रू शिल्लक होती तीही गेली. (ती मुळात फारशी नव्हती, हे ते स्वतःच मान्य करतात.)

तसं त्यांनी बरेच दिवस लपवलं होतं. जिना उतरताना कळ यायची म्हणून ते पाठमोरे उतरायचे आणि कुणी विचारलं तर "नवीन व्यायाम आहे" म्हणून सांगायचे. जमिनीवर पेन पडलं तर वाकायचे नाहीत, बुटाच्या टोकाने ते कपाटाखाली सारून द्यायचे. पण एका रविवारी सकाळी ते धावून आले, सोफ्यावर बसले आणि उठेचनात. बायको केर काढत होती. पाय वर घ्या असं तिने एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, मग झाडू टेकून ती समोर उभी राहिली.

"अहो, पाय."

"घेतो ना."

"कधी?"

"अगं, उजवा घेतलाय. डावा येतोय मागून."

बायकोने झाडू खाली ठेवला. बायको झाडू खाली ठेवते तेव्हा खोटं बोलण्यात अर्थ नसतो, हा हेडक्लार्कांचा अनुभव होता. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"झालं तर मग," ती म्हणाली. "धावणं बंद."

"ते सोडून काहीही सांग."

धावणं बंद करणं त्यांना शक्य नव्हतं. कारण मागच्या वर्षीची शर्यत. दर वर्षी शहरात एक मोठी शर्यत होते आणि ऑफिसचा एक संघ त्यात धावतो. मागच्या वर्षी अख्खं ऑफिस बघतंय म्हणून हेडक्लार्क सुरुवातीलाच असे सुसाट सुटले, की निम्म्या वाटेवर फुटपाथवर बसायची पाळी आली. शर्यतीच्या मागून एक ट्रक येत असतो. रस्त्यावर लावलेले नारिंगी कोन आणि रिकाम्या बाटल्या गोळा करणं हे त्याचं काम. त्याने बाटल्यांबरोबर हेडक्लार्कांनाही उचललं. कोनांच्या ढिगावर बसून ते शेवटच्या कमानीपाशी पोचले, तर तिथे त्यांची मुलगी उभी होती. हातात तिने स्वतः रंगवलेली पुठ्ठ्याची पाटी होती, 'आले आले, माझे बाबा आले!'

ट्रकमधून बाबा उतरताना दिसले तशी तिने पाटी हळूच उलटी करून पोटाशी धरली. रागावली नाही, रडली नाही. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि घरी आल्यावर "बाबा, सरबत करू का?" असं विचारलं.

ऑफिसात त्यांचं नाव 'ट्रक' पडलं, ते त्यांनी सोसलं. घरासमोरच्या गॅलरीत दिवसभर बसणारे निवृत्त मोजणी अधिकारी "काय हो, ट्रकने आलात म्हणे!" असं चारचौघांत ओरडले, तेही गिळलं. पण ती उलटी धरलेली पाटी त्यांना गिळता आली नाही. यंदा आपल्या पायांनी त्या कमानीखालून जायचं आणि पाटी सुलट असताना जायचं, एवढंच त्यांनी मनाशी घट्ट धरलं होतं. पहिलं यायची हौस त्यांना नव्हती. शेवटून पहिलं यायचीही तयारी होती.

बायकोने हे ऐकून घेतलं. झाडू पुन्हा उचलला आणि म्हणाली, "मग नीट इलाज करा. उद्या फिजिओकडे. आणि मी बरोबर येणार. तुम्ही अर्धंच सांगाल."

फिजिओबाईंची खोली सायकलच्या दुकानावर होती. बाई ठेंगण्याशा, पण आवाज असा की खालचा दुकानदारही पाठ ताठ करून बसायचा. त्यांनी हेडक्लार्कांना चालायला लावलं, जागच्या जागी धावायला लावलं आणि मग म्हणाल्या, "आता डाव्या पायावर उभे राहा."

हेडक्लार्क आत्मविश्वासाने उभे राहिले, लगेच कलले आणि आधारासाठी त्यांनी कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या सांगाड्याचा हात धरला. हात निघून त्यांच्या हातात आला.

"किती वर्षं धावताय?" बाईंनी सांगाड्याचा हात परत घेत विचारलं.

"झाली की बरीच."

"मग उभं राहायला कधी शिकणार?"

बायको खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "गुडघा बिचारा निर्दोष आहे. तुमचे कुल्ल्याचे स्नायू झोपलेत. त्यांचं सगळं काम गुडघा करतोय, म्हणून तो ओरडतोय."

हे मात्र हेडक्लार्कांना चटकन पटलं. त्यांच्या सेक्शनमध्ये एकजण टेबलावर डोकं ठेवून असायचा आणि त्याच्या फायली दुसऱ्याच्या टेबलावर चढायच्या. आपल्या शरीरातही तेच चाललंय आणि आपणच तिथले हेडक्लार्क असून आपल्याला पत्ता नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली. त्याच क्षणी त्यांनी ठरवलं की बाई सांगतील ते अक्षरशः करायचं.

आणि केलं. दात घासताना ते एका पायावर उभे राहायचे. लिफ्टची वाट बघताना एका पायावर. ऑफिसात झेरॉक्स मशीनपाशी एका पायावर. (मशीन बिघडलं की फार वेळ.) संध्याकाळी मांड्यांभोवती रबरी पट्टा अडकवून ते दिवाणखान्यात खेकड्यासारखे आडवे चालायचे. धावणं तोवर बंद. ऑफिस हसायचं, पण त्यांनी एकही दिवस चुकवला नाही.

काही आठवड्यांनी बाई खूश झाल्या आणि त्यांनी पुढचा धडा काढला. पण या वेळी त्या हेडक्लार्कांशी बोलल्याच नाहीत, बायकोशी बोलल्या.

"आता हे एका पायावर असले की तुम्ही त्यांना मागून हलकासा धक्का द्यायचा."

"मी?"

"हो. आणि सांगून नाही द्यायचा. ते बेसावध असताना."

"न सांगता?" बायकोचा आवाज बदलला होता. "केव्हाही?"

"केव्हाही. रस्ता काय सांगून धक्का देतो का? अंगाला सावरायची सवय लागली पाहिजे. घरात आणखी कुणी असेल तर त्यांनीही द्यावा. फक्त हलकासा हं."

बायकोच्या चेहऱ्यावर असा निर्मळ आनंद हेडक्लार्कांनी लग्नानंतर पहिल्यांदाच बघितला.

पहिल्या दिवशी तिने खरोखरच हलकासा धक्का दिला. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक धक्क्याला कारण जोडलं जाऊ लागलं. "हा, माझ्या बहिणीच्या लग्नात पहिल्या रांगेत घोरलात त्याचा." "हा, नळवाल्याला आज बोलवतो म्हणून महिना घालवलात त्याचा." मुलगी उशी घेऊन सोफ्यामागे दबा धरून बसायची. पण खरा धोका सासूबाईंचा होता. त्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे आल्या होत्या. एका डोळ्याचं झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, त्यामुळे काळा चष्मा लावून त्या घरभर सावकाश फिरायच्या आणि कंटाळायच्या. आता त्यांना काम मिळालं.

"जावईबापू, मी आपली नुसतं बोट लावणार हं," त्या म्हणाल्या. त्या एका बोटावर सासूबाईंनी जन्मभर घर चालवलं होतं. त्या बोटाने हेडक्लार्क तोंडातल्या ब्रशसकट बेसिनवर आदळले.

"आई, तुम्हाला नीट दिसत नाही ना अजून?"

"चेहरे नाही दिसत. पण माणूस एका पायावर आहे एवढं कळतं मला. आणखी काय कळायला पाहिजे?"

त्या काळात एक फुलदाणी फुटली, दोन ग्लास फुटले आणि हेडक्लार्क कोपऱ्यावरून वळताना आधी डोकं काढून बघू लागले. हे त्यांनी बाईंना सांगितलं तर बाई त्यांच्यावरच चिडल्या.

"सावध राहून काय उपयोग? तुम्ही अंग ताठ करून भिंतीसारखे उभे राहता. भिंत एकदा कलली की पडतेच. तुम्ही डोला. जायचं तिकडे जा आणि परत या."

जायचं तिकडे जा आणि परत या. हेडक्लार्क घरी जाताना तेच घोकत गेले. त्या रात्री दार लावताना बायकोने धक्का दिला, ते उजवीकडे गेले, डावीकडे गेले आणि परत मध्ये आले. पडले नाहीत. नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिले.

मग बाईंनी थोडं थोडं धावायची परवानगी दिली. पहिल्या सकाळी ते गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले आणि गुडघ्याने तक्रार केली नाही. दारात उभं राहून त्यांना रडूच आलं. बायकोने विचारलं तेव्हा ते "घाम आहे" म्हणाले. तिने "बरं" म्हटलं आणि त्या वेळी धक्का दिला नाही.

इकडे शर्यत जवळ आली. ऑफिसात संघाचे निळे टी-शर्ट वाटले गेले आणि हेडक्लार्क तो घरातही घालून फिरू लागले. साहेब स्वतः संघात होते. साहेब सज्जन माणूस. अंगाने साधारण हेडक्लार्कांएवढेच, आणि मागून बघितलं तर टक्कलही तेवढंच. एका शनिवारी संध्याकाळी, सराव करून तोच निळा टी-शर्ट घालून, ते हेडक्लार्कांच्या घरी आले. एक नाजूक गोष्ट सांगायची होती आणि ऑफिसात सगळ्यांसमोर सांगणं त्यांना बरं वाटेना.

मुलीने दार उघडलं, "बसा काका, बाबांना बोलावते" म्हणाली आणि आत पळाली. साहेब भल्या माणसासारखे दारातच पाठमोरे वळले, एका पायावर उभे राहिले आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडू लागले.

नेमक्या त्याच वेळी सासूबाई चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. निळा टी-शर्ट. टक्कल. एक पाय. शिवाय स्वारी पूर्ण बेसावध. अशी संधी त्यांना आजवर मिळाली नव्हती. त्यांनी कप टेबलावर ठेवला, चवड्यांवर चालत गेल्या आणि धक्का दिला. (त्यातला 'हलकासा' हा शब्द त्या घरातून केव्हाच निघून गेला होता.)

चपलांचं स्टँड कोसळल्याचा आवाज गॅलरीतल्या मोजणी अधिकाऱ्यांपर्यंत गेला.

"अगंबाई!" सासूबाई म्हणाल्या. "आज सावरलंच नाही! रोज किती छान सावरता!"

"रोज?" चपलांच्या ढिगातून साहेबांचा आवाज आला.

आवाज ऐकून हेडक्लार्क धावत निघाले, पण मांड्यांभोवती रबरी पट्टा होता. त्यामुळे ते भिंतीला धरून आडवे आडवे बाहेर आले.

"साहेब! तुम्ही?"

"हे साहेब आहेत?" सासूबाईंनी चष्मा वर केला. "मग एका पायावर का उभे होते?"

"आई, बूट काढत होते ते!"

"मग तसं सांगायचं नाही का?"

"साहेब, गैरसमज करून घेऊ नका," हेडक्लार्क घाईघाईने म्हणाले. "ही ट्रीटमेंट आहे."

"माझी?"

"नाही, माझी."

बायकोने साहेबांना सोफ्यावर बसवलं आणि घोट्यावर बर्फ ठेवला. घोटा बघता बघता टम्म फुगला. शर्यतीचं नाव काढायला नको हे सगळ्यांना दिसत होतं, सासूबाईंनासुद्धा.

"मी खरं म्हणजे सांगायला आलो होतो," साहेब शेवटी म्हणाले, "की यंदा तुम्ही धावू नका. पाण्याच्या टेबलावर उभे राहा. पुन्हा ट्रक नको. ऑफिसचं सोडा हो, तुमच्यासाठीच म्हणतोय."

हेडक्लार्कांनी इतके महिने ज्यासाठी केलं ते एका वाक्यात संपलं होतं, आणि सांगणाऱ्याच्या घोट्यावर त्यांच्याच घरचा बर्फ होता, त्यामुळे तोंड उघडायचीही सोय नव्हती.

"पण बाबा आता उभे राहतात," मुलगी म्हणाली. ती दाराशी उभी होती. "बघा ना काका. आम्ही दाखवतो."

"अगं, राहू दे."

"बाबा, एक पाय."

हेडक्लार्कांनी रबरी पट्टा काढला आणि दिवाणखान्याच्या मध्यभागी एका पायावर उभे राहिले. आधी मुलीने उशी मारली. ते कलले आणि परत आले. मग बायकोने धक्का दिला, कारण न सांगता. ते पार खिडकीच्या बाजूला गेले आणि परत आले. मग सासूबाईंनी पदर खोचला. साहेबांनी नकळत स्वतःचा दुखरा पाय आवरून घेतला. सासूबाईंचं बोट लागलं, हेडक्लार्क मागे गेले, पुढे आले, दोन्ही हात पंख्याच्या पात्यांसारखे फिरले आणि ते सरळ उभे राहिले. पाय खाली टेकला नाही.

साहेब बघतच राहिले. सासूबाईंच्या बोटाखालून ते नुकतेच गेले होते, त्यामुळे हे काय आहे याची किंमत त्या खोलीत त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती.

"माझ्या जागी तुम्ही धावा," ते म्हणाले. "पाणी मी वाटतो. फक्त आजींना माझ्या टेबलाजवळ आणू नका."

सोमवारी ऑफिसात 'ट्रकने संघात घुसण्यासाठी सासूकडून साहेबांना पाडलं' अशी बातमी पसरली. हेडक्लार्कांनी खुलासा करायचा प्रयत्न केला. खुलासा ऐकून लोकांचा विश्वास आणखीच पक्का झाला.

शर्यतीच्या दिवशी हेडक्लार्क मुद्दाम सगळ्यांत मागे उभे राहिले. बाईंनी बजावलं होतं, "सुटू नका. गुडघ्याला विचारत विचारत जा." तसे ते निघाले. सगळे पुढे गेले. म्हातारे गेले, ढोलासारखं पोट असलेले गेले, एक गृहस्थ फोनवर बोलत पुढे गेले. हेडक्लार्कांनी वेग वाढवला नाही. मागच्या वर्षी हाच मोह त्यांना ट्रकमध्ये घेऊन गेला होता.

पाण्याच्या टेबलापाशी साहेब एका खुर्चीवर बसले होते, त्यांचा घोटा दुसऱ्या खुर्चीवर होता. "मागे बघू नका," पाणी देत ते हळूच म्हणाले. "तो आलाय."

हेडक्लार्कांनी अर्थातच मागे बघितलं. तोच ट्रक, तोच ड्रायव्हर. त्याने ओळख ठेवून हात केला. "या की काका! तुमची जागा तशीच ठेवलीय."

"नको. येतोय मी."

"नक्की? कोनांवर पोतं टाकलंय यंदा."

मोह मोठा होता, पण हेडक्लार्क पुढे निघाले. तेवढ्यात टेबलापुढच्या सांडलेल्या पाण्यात कागदी पेल्यांवर त्यांचा पाय पडला आणि सर्रकन घसरला. दुसरा पाय हवेत गेला. साहेबांनी डोळे मिटले. हेडक्लार्क डावीकडे गेले, उजवीकडे गेले, जायचं तिकडे सगळीकडे गेले आणि परत आले. ट्रकवाल्याने खूश होऊन हॉर्न वाजवला.

तिथून पुढे ट्रक त्यांच्या मागोमाग बैलाच्या चालीने येत राहिला. कोन उचलले जात होते, रस्ता मोकळा होत होता, दुकानं उघडत होती. हेडक्लार्क आपले धावत होते. शेवटच्या वळणावर त्यांना दिसलं की मंडपवाल्यांनी रबरी कमानीची हवा सोडायला घेतली आहे.

"थांबा हो!" मुलगी तिथे ओरडत होती. "माझे बाबा यायचेत अजून!"

हवा काही थांबली नाही. कमान वितळल्यासारखी खाली येऊ लागली, तशी बायको पळत गेली आणि एका बाजूने तिने ती हातांनी वर उचलून धरली. दुसऱ्या बाजूने सासूबाईंनी छत्री लावली. "जावईबापू, वाका आणि या!" त्या ओरडल्या. हेडक्लार्क वाकले आणि त्या दोघींच्या मधून, कमानीखालून, आपल्या पायांनी पलीकडे गेले. समोर मुलगी होती. पाटी मागच्याच वर्षीची होती, कोपरे दुमडलेले होते, पण सुलट होती आणि तिने ती डोक्याच्याही वर धरली होती. हेडक्लार्क रडले. या वेळी त्यांनी घामाचं नाव घेतलं नाही.

उरलेलं एक पदक कुणीतरी खोक्यातून शोधून त्यांच्या गळ्यात घातलं. मग घरी कसं जायचं हा प्रश्न आला. रस्ते आत्ताच कुठे मोकळे होत होते, रिक्षा दिसत नव्हती आणि सासूबाईंना तेवढं चालवणार नव्हतं.

"चला की," ट्रकवाला म्हणाला. "मी त्याच बाजूला चाललोय."

चौघंही कोनांवर चढले. पोतं खरंच मऊ होतं. मुलीने पाटी उंच धरली, हेडक्लार्कांनी पदक शर्टावर नीट सारखं केलं आणि त्या सकाळी त्या शहरात त्यांच्याइतका सुखी माणूस दुसरा नसावा. ट्रक घरासमोर थांबला. गॅलरीत मोजणी अधिकारी चहाचा कप घेऊन बसलेच होते.

"काय हो," ते ओरडले, "यंदाही ट्रकनेच?"

"अहो, नाही!" हेडक्लार्क म्हणाले. उतरता उतरता त्यांनी एक पाय ट्रकच्या पायरीवर ठेवला, दुसरा हवेतच राहिला, आणि मोजणी अधिकाऱ्यांना दिसावं म्हणून दोन्ही हातांनी पदक उंच धरलं. "यंदा मी शेवटपर्यंत..."

मागून उतरायची वाट बघणाऱ्या सासूबाईंना एक निळा टी-शर्ट दिसला, एक टक्कल दिसलं आणि एक पाय दिसला.

मोजणी अधिकाऱ्यांनी कठड्यावरून वाकून खाली बघितलं, मग आतल्या खोलीकडे तोंड करून बायकोला सांगितलं, "अगं, मागच्या वर्षी निदान स्वतःहून उतरले होते म्हणे!"